शार्त्र : दगडाचा भार आणि काचेचा उजेड

युरोपातील जुनी चर्च पाहून आलेली माणसे बहुधा उंची, नक्षी आणि रंगीत काचा यांचेच वर्णन करतात. मीही परतल्यावर तेच केले. पण फ्रान्समधील शार्त्र गावच्या कॅथीड्रलमध्ये, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चमध्ये, उभा असताना माझ्या मनात वेगळाच प्रश्न आला होता. एवढ्या प्रचंड दगडी छताखाली भिंती अशा फारशा नाहीतच, बहुतेक खिडक्याच आहेत. मग हे छत उभे कशाच्या आधारावर?

उत्तरासाठी ११९४ सालात जावे लागते. त्या वर्षीच्या १० जूनला लागलेल्या आगीत गावाचा मोठा भाग आणि जुने चर्च जळाले. मेरी मातेचे म्हणून पूजिले जाणारे वस्त्र तिथे होते. तेही गेले असे समजून लोक खचले. तीन दिवसांनी तळघरात आसरा घेतलेले पुजारी ते वस्त्र घेऊन सुखरूप बाहेर आले, असे त्या काळच्या लेखनात नोंदले आहे. लोकांनी तो कौल मानला. पश्चिमेचा दर्शनी भाग आगीतून वाचला होता. तो पाडला नाही, नव्या इमारतीत सामावून घेतला. १२२० च्या सुमारास मुख्य बांधकाम उभे राहिले आणि १२६० मध्ये विधिपूर्वक अर्पणसोहळा झाला.

दगडी छत जळत नाही. पण कमानीचे छत केवळ खाली दाबत नाही, ते भिंतींना बाहेरही ढकलते. जुन्या कारागिरांनी यावर जाड भिंतींचा उपाय केला, त्यामुळे आत अंधार राहिला. शार्त्रच्या कारागिरांनी कमान टोकदार केली, त्यामुळे बाहेरचा रेटा कमी झाला. छताचा भार दगडी फासळ्यांमधून ठरावीक खांबांवर आणला. उरलेला रेटा पेलायला इमारतीबाहेर दगडी टेकू उभारले आणि अधांतरी कमानींनी ते भिंतींना जोडले. डॉक्टरच्या नजरेला हे शरीरशास्त्रच वाटते, फक्त इथे सांगाडा कातडीच्या बाहेर आहे. भार असा वाहून गेला की भिंतीला काही काम उरत नाही, आणि तिच्या जागी काच बसते. आतले छत सुमारे ३७ मीटर उंच, म्हणजे बारा मजली इमारतीएवढे आहे. हा हिशेब चुकला तर काय होते, ते बोव्हे गावाने पाहिले. तिथे छत ४८ मीटरवर नेले आणि १२८४ मध्ये त्याचा मोठा भाग कोसळला.

आता काचा पाहा. कोबाल्टने निळी केलेली काच, लहान लहान तुकडे आणि त्यांना जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या. संतांच्या कथांखाली पाववाले, चांभार, सुतार, पाथरवट आपापल्या कामात दिसतात. एका खिडकीत औषधी व मसाले विकणाऱ्यांचे चित्र आहे; तिथे माझे पाय जरा जास्त वेळ थांबले. या खिडक्यांचा खर्च त्या त्या व्यावसायिकांनीच दिला का, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पण कष्टाचा धंदा देवघरात चितारण्याजोगा मानला गेला, एवढे तर डोळ्यांपुढेच आहे. ज्याने हे सारे आखले त्या मुख्य कारागिराचे नाव मात्र कोणालाच ठाऊक नाही.

शार्त्रचे खांब चढत होते त्याच काळात, १२०४ मध्ये, रट्टांचा मंत्री बिचिराज याने आपल्या बेळगावच्या किल्ल्यात जिनालय बांधले. तीच आपली कमल बस्ती. तिच्या छतातील दगडी कमळ आपण लहानपणापासून मान वर करून पाहत आलो. दोन्ही ठिकाणच्या कारागिरांना एकमेकांची गंधवार्ता नव्हती. पण डोक्यावरचा जड दगड हलका वाटावा, ही धडपड दोघांची सारखीच.

बांधणे एकदाच होते, राखणे मात्र प्रत्येक पिढीला करावे लागते. १८३६ मध्ये शार्त्रच्या छपराचे लाकूड पुन्हा पेटले. त्याखालच्या दगडी छताने आग अडवली आणि काचा वाचल्या. नवे छप्पर लोखंडी सांगाड्यावर तांब्याचे पत्रे घालून केले. दोन्ही महायुद्धांत खिडक्या उतरवून सुरक्षित जागी हलवल्या आणि नंतर पुन्हा बसवल्या. ऑगस्ट १९४४ मध्ये मनोऱ्यात जर्मन टेहळे असल्याच्या संशयावरून अमेरिकन तोफा कॅथीड्रलवर रोखल्या होत्या. कर्नल वेलबॉर्न ग्रिफिथ यांनी स्वतः आत जाऊन खात्री केली. तिथे कोणी शत्रू नव्हता. तोफांचा हुकूम रद्द झाला. त्याच दिवशी जवळच्या लेव्ह गावात ते मारले गेले.

वाचकहो, पुढच्या वेळी किल्ल्यात जाल तेव्हा कमळ पाहून लगेच मागे फिरू नका. खांबांवर, सांध्यांवर, पावसाच्या ओलीवरही एक नजर टाका. आठशे वर्षांचा तो भार आता आपल्या पिढीच्या खांद्यावर आहे.