कसब्यातले रिकामे खण

कसबा पेठेतल्या जुन्या बिऱ्हाडाचे माप अजूनही खणांत सांगितले जाते. दोन खांबांमधली जागा तो एक खण. ‘आमचे तीन खण आहेत’ या वाक्यातला ‘आमचे’ हा शब्द मात्र पुष्कळदा मालकीचा नसतो, भाड्याचा असतो. जुन्या भाडेपावत्या आणि जागेच्या दाव्यांतली निकालपत्रे वाचू लागल्यापासून मला एक प्रश्न छळतो आहे. घरातली माणसे सातांवरून एकावर आली, तरी त्या तीन खणांचे दोन का झाले नाहीत?

१८१८ मध्ये पेशवाई गेली आणि वाड्यांना पोसणारी उत्पन्ने आटत गेली. पुढे शाळा, कचेऱ्या, छापखाने यांच्यामागे माणसे पुण्यात येऊ लागली. ओसरी एका बिऱ्हाडाला, माजघर दुसऱ्याला, माडी तिसऱ्याला असे वाडे वाटले गेले. एका कुटुंबासाठी बांधलेली वास्तू अनेक चुलींची झाली. सामाजिक गृहनिर्माण हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. पण बेताच्या मिळकतीच्या माणसाला शहरात निवारा देण्याचे काम या वाड्यांनी केले.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, मुंबईत भाडेवाढीला कायद्याने लगाम घातला गेला. स्वातंत्र्याच्या वर्षी आलेल्या १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने बहुतेक जुन्या जागांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकले. टंचाईच्या काळात तो आधार होता, हे विसरता कामा नये. त्या कायद्यामुळेच हजारो कारकून, शिक्षक, तांबट, छापखान्यातले जुळारी शहराच्या मध्यात टिकले. पण तात्पुरती म्हणून आलेली व्यवस्था मुदतवाढ घेत पन्नास वर्षे चालली. गोठवलेले भाडे काळाच्या ओघात अवाजवी ठरले आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये सांगितले. ३१ मार्च २००० पासून नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा अमलात आला आणि दरसाल चार टक्के वाढ मिळू लागली. दहा रुपये भाड्यावर चार टक्के म्हणजे चाळीस पैसे!

दरम्यान बिऱ्हाडे आतून रिकामी होत होती. मुले कोथरूडला, सहकारनगरला, काही परदेशी गेली. मागे राहिली ती बहुधा एकटी म्हातारी बाई. तीन खणांपैकी एकात तिची चूल, देव आणि अंथरूण. उरलेल्या दोहोंत ट्रंका, पाळणा, नवऱ्याची पुस्तके. त्याच वाड्यात मालकाच्या भावांचे संसार दोन खोल्यांत दाटीने राहत. ही विसंगती कुणाला दिसत नव्हती असे नाही.

कायद्यालाही ती थोडीशी दिसली होती. मालकाला स्वतःसाठी जागेची खरी निकड असेल, तर न्यायालयाने दोन्ही बाजूंची अडचण तोलावी, आणि जागेचा काही भाग परत दिल्याने भागत असेल तर तेवढ्याचाच हुकूमनामा करावा, अशी तरतूद १९४७ च्या कायद्यात होती. १९९९ च्या कायद्यातही आहे. माझ्या मते ‘थोडे द्या, थोडे ठेवा’ म्हणणारे हे एकमेव कलम. पण तिथे पोचायला दावा लावावा लागे, आणि दावा लागला की एका चौकातली माणसे एकमेकांचे तोंड पाहीनाशी होत.

दावा न लावता, आपखुशीने खण सोडला तर काय? इथे खरी मेख आहे. जुन्या भाडेकरूचा हक्क त्याच जागेला, त्याच पावत्यांच्या पुडक्याला चिकटलेला. माडी सोडून खालच्या लहान खोलीत जायचे तर नवा कागद आला. तो अकरा महिन्यांच्या परवान्याचा निघाला तर वर्षभरात बेघर होण्याची भीती. शिवाय सलग सहा महिने सबळ कारणावाचून जागा वापरली नाही, तर ती जाऊ शकते. म्हणून लेकाकडे चार महिने राहून आलेली आई आधी विजेचे बिल जपून ठेवते. मालकही तसाच धास्तावलेला. सुटलेली खोली पुन्हा भाड्याने दिली तर ती कायमची गेली, या भीतीने तो तिला कुलूपच लावतो. एका चौकात दोन प्रकारची कुलपे दिसतात, आणि दोन्हींची किल्ली भीतीच्या हाती असते.

इंग्लंडने हा प्रश्न शिक्षेने सोडवू पाहिला. एप्रिल २०१३ पासून सामाजिक घरांतल्या कामाच्या वयाच्या भाडेकरूकडे एक झोपण्याची खोली जास्त असेल तर घरभाडे-मदतीत १४ टक्के, दोन किंवा अधिक असतील तर २५ टक्के कपात सुरू झाली. लोकांनी त्याला ‘बेडरूम टॅक्स’ म्हटले. पुष्कळांनी काटकसर केली, कर्जे काढली, पण घर हलवले ते थोड्यांनीच. कारण जवळपास लहान घरे पुरेशी नव्हतीच. आणि ज्यांच्याकडे जास्तीच्या खोल्या असण्याचा संभव अधिक, त्या निवृत्तिवेतनधारकांना या नियमातून सूट होती.

आता कसब्यातले वाडे पाडून इमारती उभ्या राहत आहेत. नव्या इमारतीत जुन्या भाडेकरूला काय मिळणार, हे मुख्यतः ताब्यातल्या क्षेत्रफळावरून ठरते. म्हणजे ज्या बाईने समजूतदारपणे एक खण सोडला, तिचा वाटा त्याच समजूतदारपणामुळे कमी होणार. शंभर वर्षांत आपण ताबा राखला, गरज कधी मोजली नाही.

म्हाताऱ्या माणसांना जास्तीच्या जागेचा मोह असतो, हा आरोप मला पटत नाही. लाकडी जिना चढताना गुडघे धरणाऱ्या, रात्री चौकातल्या संडासाला जायला घाबरणाऱ्या बाईला तळमजल्यावरची एक खोली हवीच असते. फक्त ती त्याच आळीत हवी, कसब्याच्या गणपतीला चालत जाता येईल इतक्या अंतरावर हवी, आणि सोडलेल्या खणाचा हक्क नव्या खोलीच्या कागदावर नोंदलेला हवा. एवढे लिहून देणारा कायदा अजून झालेला नाही. तोवर ती दोन्ही खोल्या झाडून घेईल, दिवेलागणीला दोन्हीकडे दिवा लावील, आणि बिल जपून ठेवील.