समासातील नोंद

गोमंतकातून वऱ्हाडात आलेल्या आपल्या पणजोबांचा माग कसा काढावा, असे अकोला-अमरावतीकडील काही कुटुंबे मला विचारतात. पारपत्रासारखा एखादा सरकारी कागद मिळेल, अशी त्यांची आशा असते. ती सहसा फळास येत नाही.

वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होता, गोवा पोर्तुगालच्या. हा प्रवास म्हणजे दोन राजवटींमधील स्थलांतरच. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचली. १८८८ च्या सुमारास मुरगाव ते कॅसलरॉक हा लोहमार्ग पूर्ण झाला. आचारी, वादक, कारकून म्हणून गोवेकर इंग्रजी मुलखात पांगले. कॅसलरॉकला जकातीसाठी त्यांच्या पेट्या उघडल्या जात. परंतु कोण, कोणाचा, कुठे निघाला, हे सहसा कोणी टिपून ठेवत नसे.

माग लागतो तो धर्मग्रामाच्या दप्तरात. त्रेंतच्या विश्वपरिषदेने १५६३ साली स्नानसंस्कार व विवाह यांच्या नोंदी ठेवणे धर्मगुरूंवर बंधनकारक केले. १९०८ पासून आणखी एक नियम लागू झाला. विवाह कुठेही होवो, तो लावणाऱ्या धर्मगुरूने वधूवरांच्या स्नानसंस्काराच्या धर्मग्रामाला कळवायचे आणि तेथील धर्मगुरूने मूळ नोंदीच्या समासात ते लिहायचे. राज्यांच्या सीमा या नियमाच्या आड येत नव्हत्या.

तेव्हा शोधाचा आरंभ वऱ्हाडातील विवाहनोंदीपासून करावा. तीत आईवडिलांची नावे आणि मूळ गाव सापडू शकते. अमरावती धर्मप्रांत १९५५ साली स्थापन झाला. त्यापूर्वीच्या कागदांसाठी नागपूरचे दप्तरही पाहावे. गोव्यातील काही जुन्या नोंदवह्या पणजीच्या पुराभिलेखागारात आहेत. नावांनी मात्र फसू नये. पोर्तुगीज वहीतील जुआंव, लॅटिन नोंदीतील योआनेस आणि रेल्वेच्या हजेरीपटावरील जॉन हा एकच इसम असू शकतो.

माझ्या आजोबांचे धाकटे बंधू असेच गाव सोडून गेले. पत्र आले नाही. काही वर्षांनी घरच्यांनी त्यांना मृत मानले व त्यांच्या आत्म्यासाठी मिस्सा सांगू लागले. पुढे मी गावच्या वहीत त्यांचा स्नानसंस्कार शोधला. समासात वेगळ्या शाईने एक ओळ लिहिलेली होती: वऱ्हाडात विवाह झाल्याची तारीख आणि वधूचे नाव. घरी ज्या वर्षी त्यांच्यासाठी मृतांची प्रार्थना चालली होती, त्याच वर्षी ते वेदीपुढे नवरदेव म्हणून उभे होते.

चर्चपासून आमचे घर हाकेच्या अंतरावर. पत्र आले, नोंद झाली, वही मिटली; घरी निरोप मात्र कोणी दिला नाही. पणजी मुलाचा शोक करीतच वारली.

आज माझ्याकडे परगावाहून विवाहाची अशी सूचना येते, तेव्हा मी समासात ओळ लिहितो. मग चप्पल घालतो आणि त्या मुलाच्या आईकडे जातो.