जुन्या यंत्राला नवं काम

कोल्हापुरात खरी कॉर्नरजवळ कॅमेऱ्याचा मानस्तंभ उभा आहे. बाबूराव पेंटर आणि त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीची आठवण म्हणून चित्रपटक्षेत्रातली मंडळी तिथं जमतात, हार घालतात, भाषणं करतात. आपल्या गावात घडलेल्या यंत्राचा गावाला अभिमान आहे आणि तो रास्तच आहे. पण जुनं यंत्र जिवंत कशानं राहतं, हा प्रश्न त्या हारांनी सुटत नाही. हाच प्रश्न सध्या एका वेगळ्या यंत्राच्या निमित्तानं जगभर विचारला जातो आहे. १९८०च्या दशकातले घरगुती कॉम्प्युटर, टीव्हीला जोडायचे आणि कॅसेटवरून प्रोग्रॅम भरायचे, आज नव्यानं बनवले जात आहेत आणि त्यांच्यासाठी नवे गेम, नवी चित्रं, नवं संगीत तयार होत आहे. या दोन्ही यंत्रांचा इतिहास शेजारी ठेवला तर एकच गोष्ट दिसते: यंत्राचं आयुष्य त्याच्यावर होणाऱ्या नव्या कामानं ठरतं, आणि ते काम तिथंच होतं जिथं लोकांना यंत्र उघडून बघायची मुभा असते. १९१८च्या कोल्हापूरला ती होती. १९८५च्या कोल्हापूरला, आणि एकूण महाराष्ट्रालाच, ती फारशी मिळाली नाही.

आधी कॅमेरा. बाबूराव मेस्त्री आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव हे नाटकांचे पडदे रंगवणारे चित्रकार. केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्श या नाटक मंडळीसाठी त्यांनी रंगवलेले पडदे गाजले आणि पेंटर हेच त्यांचं आडनाव झालं. १९१३ साली फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला, तेव्हा या दोघांनाही चित्रपटाचं वेड लागलं. कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नव्हती. हाती होता तो विल्यमसन कंपनीचा एक प्रोजेक्टर. प्रोजेक्टर आणि कॅमेरा ही मुळात एकाच जातीची यंत्रं: फिल्मची पट्टी एका चौकटीपुढं क्षणभर थांबवायची, मग झटक्यात पुढं सरकवायची आणि ती सरकत असताना प्रकाशाची वाट बंद ठेवायची. एकात उजेड आतून बाहेर पडतो, दुसऱ्यात बाहेरून आत येतो, एवढाच फरक. प्रोजेक्टर खोलून ज्यानं ही थांबण्या-सरकण्याची गोम ओळखली, त्याला कॅमेऱ्याचं अर्धं गणित सुटलं. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून १९१८ साली कॅमेरा पुरा केला आणि त्याच्या जोरावर १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. कच्ची फिल्म परदेशातूनच यायची, भिंगही इथं घासलेलं नव्हतं. म्हणजे ‘संपूर्ण स्वदेशी’ वगैरे विशेषणं इथं गैरलागू आहेत. महत्त्वाचं हे, की यंत्राचं आतलं चालणं गावातल्या माणसांना कळलं होतं, त्यामुळं त्याच्याकडून काय काढून घ्यायचं हेही त्यांनीच ठरवलं. १९२३च्या ‘सिंहगड’साठी कृत्रिम प्रकाशात चित्रीकरण, १९२५च्या ‘सावकारी पाश’मध्ये कर्जात बुडालेला शेतकरी, हे सगळं त्याच हातांचं काम.

हे एका अलौकिक माणसाचं कर्तृत्व, असं म्हणून विषय मिटवता येत नाही, कारण कोल्हापुरात ही रीतच होती. इथला फौंड्रीचा धंदा शेतावरच्या ऑइल इंजिनांच्या दुरुस्तीतून वाढला. इंजिन बंद पडलं, सुटा भाग मिळेना, मग मेस्त्रीनं जुना भाग समोर ठेवून पॅटर्न बनवला, ओतला, लेथवर लावला. काही वर्षांत भाग बनवणारे अख्खं इंजिन बनवू लागले. शहरातल्या उद्यमनगर या औद्योगिक वसाहतीची वाढ या क्रमानं झाली: आधी वापर, मग दुरुस्ती, मग निर्मिती. मधली पायरी गाळून तिसरीवर कुणी पोहोचलं नाही.

आता कॉम्प्युटर. ब्रिटनमध्ये एप्रिल १९८२ मध्ये सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम बाजारात आला. साडेतीन मेगाहर्ट्झचा झेड-८० प्रोसेसर, १६ किंवा ४८ किलोबाइट मेमरी आणि किंमत १२५ पौंडांपासून. १९८६ साली सिंक्लेअरचा कॉम्प्युटरचा धंदा अ‍ॅमस्ट्रॅडनं विकत घेतला आणि १९९०च्या दशकात हे यंत्र दुकानांतून गेलं. रीतीप्रमाणं गोष्ट तिथं संपायला हवी होती. पण २०१७ साली ‘स्पेक्ट्रम नेक्स्ट’ नावाच्या नव्या यंत्रासाठी लोकवर्गणी काढण्यात आली. तीन हजारांहून अधिक लोकांनी सात लाख पौंडांच्या वर रक्कम दिली आणि २०२० साली यंत्रं त्यांच्या घरी पोहोचली. जुने प्रोग्रॅम त्यावर चालतात आणि खास त्याच्यासाठी नवेही लिहिले जातात. याचं मूळ लंडनमध्ये नाही, ब्राझीलमध्ये आहे. तिथल्या व्हिक्टर ट्रुको आणि फाबिओ बेलावेनुतो यांनी आधी बनवलेल्या टीबीब्लू या यंत्रावर नेक्स्ट उभा आहे. ब्राझीलच का, याला कारण आहे. ऐंशीच्या दशकात तिथल्या सरकारनं परदेशी कॉम्प्युटरना दार बंद केलं होतं आणि स्थानिक कंपन्यांनी स्पेक्ट्रमच्या नकला बनवल्या. १९८५चा टीके-९०एक्स ही त्यातली गाजलेली. ज्या देशात यंत्राची नक्कल करावी लागली, तिथं ते आतून कळलेली पिढी तयार झाली. उद्यमनगरचा क्रम तिथं जसाच्या तसा घडला.

भारतातही दार बंदच होतं. जबर आयात शुल्क, परवाने, परकीय चलनाची टंचाई हे सगळं इथंही होतं. मग इथं काय झालं? १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारनं ‘क्लास’ ही योजना आणली आणि ब्रिटनचा बीबीसी मायक्रो सुरुवातीला अडीचशेच्या आसपास शाळांत पोहोचला. पुढं डेसिबेल्स या भारतीय कंपनीनं परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम’ इथं बनवला. म्हणजे यंत्र आलं, अगदी अधिकृतपणे आलं. त्याच सुमारास महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. कोल्हापुरात १९८३ साली केआयटी आणि १९८४ साली डी. वाय. पाटील अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं. यंत्र होतं आणि यंत्र शिकणारी मुलंही होती. तरी या यंत्रांवर मराठी गेमची, मराठी प्रोग्रॅमची नाव घेण्यासारखी परंपरा उभी राहिली नाही. कारण कॉम्प्युटर इथं पोहोचला तोच मुळी कुलपात. वातानुकूलित खोली, दाराशी चपला काढायच्या, धुळीला मज्जाव, ठरलेल्या तासाला ठरलेला धडा. मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गावापर्यंत जे कॉम्प्युटर क्लास निघाले, त्यांनी शिकवलं ते नोकरीसाठी. त्यात गैर काही नव्हतं. त्या शिक्षणानं हजारो घरं वर आली. पण नोकरीसाठी शिकलेलं यंत्र नोकरी बदलली की सुटतं. ज्याच्याशी कधी विनाकारण खेळलो नाही, त्याच्याकडं माणूस तीस वर्षांनी कशाला परत जाईल?

यावर पहिला आक्षेप उद्यमनगरातूनच येईल: इंजिनाचा भाग ओतता येतो, सिलिकॉनची चिप ओतता येत नाही. स्पेक्ट्रमचं चित्र आणि आवाज सांभाळणारी यूएलए चिप फेरांटी कंपनी खास सिंक्लेअरसाठी बनवत असे. ती कुठल्या लेथवर काढणार? आक्षेप वजनदार आहे, पण सोव्हिएत रशियानं त्याचं उत्तर दिलेलं आहे. लेनिनग्राडच्या सर्गेई झोनोव्ह यांनी १९८८च्या सुमारास यूएलएचं काम बाजारात मिळणाऱ्या साध्या लॉजिक चिप्स एकत्र जोडून करून घेतलं. तो आराखडा हातोहात पसरला आणि लोकांनी घरी बसून बोर्ड जोडले. झोनोव्हनं जे केलं ते आणि पेंटरनी प्रोजेक्टरवरून कॅमेरा काढला ते, यांत जातीचा फरक नाही. एक भाग मिळत नाही म्हटल्यावर, तो भाग करतो काय हे शोधायचं आणि तेच काम दुसऱ्या मार्गानं साधायचं.

दुसरा आक्षेप पैशाचा आणि बाजाराचा. मध्यमवर्गीय घराला हे यंत्र महाग होतं, मराठीत गेम लिहून विकत कोण घेणार? इथं चेकोस्लोव्हाकियाकडं पाहावं. चेक बोलणारे कोटभर लोक. साध्या दुकानात पाश्चात्त्य कॉम्प्युटर सहसा मिळत नसे. परदेशातून कुणी आणला तर आणला, पुढं स्लोव्हाकियात बनलेला डिडाक्टिक आला. बाजार जवळजवळ नव्हताच. तरी तिथल्या पोरांनी चेक भाषेत शब्दांवर चालणारे साहसखेळ लिहिले आणि कॅसेटवरून कॅसेटवर फुकट फिरवले. जानेवारी १९८९ मध्ये प्रागच्या वेन्सेस्लास चौकात पोलिसांनी निदर्शकांना झोडपलं, त्यावरही एक खेळ निघाला. त्यात इंडियाना जोन्स त्या चौकातून निसटायचा प्रयत्न करतो. १९९१च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे सव्वासहा कोटी होते. तेव्हा संख्येची आणि बाजाराची सबब टिकत नाही. चेक मुलांकडं एक गोष्ट जास्त होती: स्वाझार्म या निमलष्करी संस्थेच्या आश्रयानं चालणारे हौशी क्लब. तिथं यंत्राशी खेळायला परीक्षेचं निमित्त लागत नसे.

तिसरा आक्षेप लिपीचा, आणि तो बारकाईनं तपासण्यासारखा आहे. देवनागरी या चिमुकल्या यंत्रावर मावलीच नसती, असं सहज म्हटलं जातं. स्पेक्ट्रमचा पडदा २५६ गुणिले १९२ ठिपक्यांचा. अक्षरासाठी आठ बाय आठ ठिपक्यांचं घर, आडवी ३२ घरं, उभ्या २४ ओळी. स्वतःची अक्षरं काढायला २१ जागा राखून ठेवलेल्या होत्या. मराठीची व्यंजनंच तिसाच्या वर, त्यामुळं एकवीस अपुरेच. पण त्याच यंत्रात दुसरी वाट होती. अक्षरांचा साचा मेमरीत कुठं आहे हे सांगणारा आकडा २३६०६ आणि २३६०७ या दोन पत्त्यांवर असतो. तो बदलला की यंत्र आपण दिलेला साचा वापरू लागतं: ९६ आकृत्या, प्रत्येकी आठ बाइट, एकूण ७६८ बाइट. स्वर, व्यंजनं, अर्धी रूपं, काना, वेलांट्या, उकार आणि अंक त्यात बसवता येतात. शिरोरेषा घराच्या वरच्या ठिपक्यांवर ओढली की शेजारची घरं आपोआप जुळतात. खरी अडचण वरच्या मात्रांची आणि खालच्या उकारांची. त्यांच्यासाठी प्रत्येक ओळीला दोन घरांची उंची द्यावी लागते आणि चोवीस ओळींच्या बारा होतात. बारा ओळींत पन्हाळ्यावरून रात्री निसटून विशाळगडाकडं निघालेल्या तुकडीची गोष्ट आरामात सांगता येते. ७६८ बाइट हा ४८ किलोबाइटचा साठावा हिस्साही नाही. तेव्हा लिपी आड आली नाही. तिला आत नेण्याइतका वेळ यंत्राबरोबर कुणाला मिळाला नाही.

राहिला शेवटचा आणि सर्वांत सरळ प्रश्न. खिशातल्या फोनमध्ये त्याच्या लाखपट ताकद असताना या जुनाट यंत्राचं कौतुक म्हणजे निव्वळ स्मरणरंजन नाही का? जे लोक जुने गेम पुन्हा पुन्हा खेळतात त्यांच्यापुरतं ते खरं आहे. जे नवे लिहितात त्यांचं तसं नाही. ४८ किलोबाइटचं यंत्र एका माणसाला एका पावसाळ्यात पुरतं समजू शकतं. कुठल्या पत्त्यावर काय आहे, कोणता ठिपका कशानं उजळतो, सगळं. फोनबद्दल असं म्हणणारा माणूस त्याच्या कारखान्यातही सापडणार नाही. पूर्ण समजलेल्या यंत्रावर काम केलेल्या माणसाची नजर पुढच्या यंत्राकडं वळते तेव्हा ती वेगळी असते, आणि याचा पुरावा पुन्हा कोल्हापुरातच आहे. १९३१ साली ‘आलम आरा’ बोलू लागला आणि मूकपटाचा काळ सरला. महाराष्ट्र फिल्म कंपनीही टिकली नाही. पण तिथं शिकलेले दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर १९२९ सालीच बाहेर पडून प्रभात फिल्म कंपनी काढून बसले होते आणि १९३२ साली त्यांनी ‘अयोध्येचा राजा’ बोलका केला. यंत्र कालबाह्य झालं, त्याच्यावर घडलेली माणसं झाली नाहीत.

म्हणून मानस्तंभाची पूजा खुशाल व्हावी, पण पेंटरांचा वारसा चालवायचा तर त्यांच्यासारखं काम करावं लागेल, आणि त्याला आज १९१८ इतकी ऐपतही लागत नाही. अ‍ॅमस्ट्रॅडनं १९९९ सालीच स्पेक्ट्रमचा मूळ रॉम अनुकरणी सॉफ्टवेअरबरोबर वाटायला मोकळीक दिली. त्यामुळं जुनं यंत्र कुठल्याही साध्या कॉम्प्युटरवर फुकट उभं करता येतं. परदेशातून नेक्स्ट मागवण्याची गरज नाही. जोनाथन कॉल्डवेल यांच्या आर्केड गेम डिझायनरसारखी साधनं वापरून मशीन कोडची एक ओळ न लिहिताही जगभरचे हौशी लोक खेळ बनवतात. मराठीला तिथं जुना साठा नाही ही खरी उणीव, पण सैरंध्रीच्या आधी कोल्हापूरकडं तरी चित्रपटांचा कोणता साठा होता? अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला दरसाल तेच ते प्रकल्प जमा होतात. त्यांतल्या एखाद्यानं ७६८ बाइटांचा देवनागरी साचा करून सर्वांना खुला केला आणि त्यावर एक खेळ पुरा केला, तर चाळीस वर्षांपूर्वी गाळलेली मधली पायरी भरून निघायला सुरुवात होईल.