पाळण्यातील नावे: माळव्यातील मराठी घराण्यांची नामपरंपरा

मुलाला कोणते नाव द्यावे याचे सर्वांत जुने नियम वैदिक गृह्यसूत्रांत आणि व्याकरणाच्या ग्रंथांत सापडतात. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभीच याज्ञिकांचा एक नियम नोंदवला आहे. मुलाचे नाव जन्मानंतर दहावा दिवस उलटल्यावर ठेवावे, ते दोन किंवा चार अक्षरांचे असावे, घोष वर्णाने सुरू व्हावे आणि बापाच्या आधीच्या तीन पिढ्यांतील एखाद्या पुरुषाची त्यात आठवण असावी. शत्रूच्या घरात चालत असलेले नाव मात्र टाळावे. गृह्यसूत्रांनी मुलींसाठी विषम अक्षरांची नावे सांगितली. मनुस्मृतीने त्यात वर्णांची उतरंड घातली: ब्राह्मणाचे नाव मंगल, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे निंद्य असावे. अक्षरे, पूर्वज आणि जात या तीन कसोट्या पुढे दोन हजार वर्षे घरोघरी कमीअधिक प्रमाणात चालत राहिल्या. त्यांपैकी पूर्वजांची कसोटी माळव्यात, म्हणजे आजच्या धार, देवास, इंदूर आणि उज्जैनच्या परिसरात, विशेष ठळकपणे दिसते.

धारच्या परमार राजांची वंशावळ हे तिचे जुने उदाहरण आहे. उदयपूर प्रशस्तीतील क्रमानुसार उपेंद्रानंतर वैरिसिंह, सीयक, वाक्पती आणि त्यापुढे पुन्हा वैरिसिंह, सीयक, वाक्पती असे राजे होतात. हा दुसरा वाक्पती म्हणजे भोजाचा चुलता मुंज. ही पुनरावृत्ती इतकी नेमकी आहे, की पहिले वैरिसिंह आणि सीयक खरोखर होऊन गेले की यादी लिहिताना तीच नावे दोनदा आली, यावर इतिहासकारांत वाद आहे. नाव घराण्यातच फिरते ठेवण्याची रीत किती मुरलेली होती, हे या वादावरूनही कळते. याच परमारांशी आपले नाते सांगणारे मराठे पवार अठराव्या शतकात दख्खनेतून माळव्यात उतरले, तेव्हा त्यांच्याही घरी हीच रीत होती.

मराठी कुटुंबांत नामकरणाचे शास्त्र सांगणारा सर्वांत जास्त वापरात असलेला ग्रंथ म्हणजे पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा अठराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेला धर्मसिंधु. त्यानुसार एका मुलाला चार नावे असतात: कुलदेवतेवरून एक, जन्ममहिन्यावरून विष्णूच्या बारा नावांपैकी एक, जन्मनक्षत्रावरून एक आणि लोकांत हाक मारण्यासाठी व्यवहारातले एक. नक्षत्रनाम अवकहडा चक्रावरून काढतात. सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण धरून एकशे आठ अक्षरे होतात. अश्विनीला चू, चे, चो, ला ही अक्षरे येतात. काही चरणांवर मात्र ङ, ञ, ण ही अक्षरे पडतात आणि त्यांवरून मराठीत नाव सुरूच होत नाही. तिथे जोशीबुवा जवळचे एखादे अक्षर सुचवतात, किंवा ते नाव फक्त पत्रिकेत राहते. पत्रिकेतले नाव आणि हाकेचे नाव वेगळे असण्याची सवय मराठी घरांना अशा कारणांनीही लागली.

बाराव्या दिवशीच्या बारशात शास्त्रापेक्षा बायकांचा अधिकार मोठा असतो. ताटात तांदूळ पसरून त्यावर सोन्याच्या अंगठीने नाव लिहिले जाते. मूल पाळण्याखालून आणि पाळण्यावरून या हातातून त्या हातात दिले जाते आणि आत्या त्याच्या कानात ‘कुर्र’ करून नाव सांगते. सांगून होताच इतर बायका तिच्या पाठीत हलकेच धपाटे घालतात, मग घुगऱ्या वाटल्या जातात. नाव ठरवताना आजोबा, वडील आणि जोशीबुवा काय बोलले असतील ते असो, ते नाव पहिल्यांदा उच्चारण्याचा मान सासरी गेलेल्या लेकीचा. लग्न होऊन दुसऱ्या कुळात गेलेल्या बाईला माहेरच्या वंशाशी जोडून ठेवणारा हा धागा आहे आणि नामकरणाच्या इतिहासात त्याची पुरेशी दखल घेतली गेलेली नाही.

पवार बंधू तुकोजी आणि जिवाजी यांनी पहिल्या बाजीरावाच्या काळात देवासला आपला अंमल बसवला. एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने झाली. थोरल्या पातीच्या गादीवर क्रमाने तुकोजीराव, कृष्णाजीराव, तुकोजीराव, रुक्मांगदराव, कृष्णाजीराव, तुकोजीराव, विक्रमसिंहराव, कृष्णाजीराव आणि तुकोजीराव आले. नऊ पिढ्यांत सात वेळा तीच दोन नावे. धाकट्या पातीत आनंदराव, हैबतराव, नारायणराव, मल्हारराव अशी नावांत विविधता दिसते, पण १९३४ मध्ये गादीवर आलेल्या सदाशिवरावांचे नाव तिथेही अठराव्या शतकातल्या पूर्वजाचेच होते. धारला उदाजीराव, आनंदराव आणि यशवंतराव ही तीन नावे आलटून पालटून येत राहिली. १७६१ मध्ये पानिपतावर पडलेल्या यशवंतरावांचे नाव एकोणिसाव्या शतकात पुन्हा गादीवर बसले.

या पुनरावृत्तीमागे श्रद्धा होती, तसा व्यवहारही होता. आजोबा गेल्यावर घरात मुलगा झाला तर ‘आजोबाच परत आले’ असे म्हणत त्याला आजोबांचे नाव देत. श्राद्धात बाप, आजा आणि पणजा यांची नावे उच्चारावी लागतात, त्यामुळे ती घरात जिवंत ठेवणे हे धर्मकार्यही होते. उज्जैनला क्षिप्रेच्या घाटावर आणि नाशिक-त्र्यंबकला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या पिढ्यांची नावे नोंदलेली असतात. तिथे गेलेल्या माणसाला आपले नाव तीन पिढ्यांपूर्वीच्या ओळीतही वाचायला मिळे. त्यातच इनाम, सरंजाम आणि गादी यांचे हक्क वंशावर चालत, आणि गादीवरचे नाव तेच राहिले की हक्काचा सांधाही लोकांना दिसत राही.

पेशव्यांच्या घरातही असेच होते. बाळाजी विश्वनाथ एप्रिल १७२० मध्ये वारले. त्यानंतर काही महिन्यांनी त्यांचे पुत्र बाजीराव यांना मुलगा झाला, तो बाळाजी. याच प्रथेचा दुसरा ठळक प्रसंग धारच्या किल्ल्यात घडला. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर त्यांचे चुलते रघुनाथराव पुण्याबाहेर धावपळीत असताना त्यांची पत्नी आनंदीबाई धारच्या पवारांच्या आश्रयाला होती. जानेवारी १७७५ मध्ये तिथे तिला मुलगा झाला. पेशवाईवर हक्क सांगणाऱ्या, पण पेशवाई हातातून गेलेल्या बापाच्या या मुलाचे नाव ठेवले बाजीराव. आजोबांना, म्हणजे पहिल्या बाजीरावांना, जाऊन तेव्हा पस्तीस वर्षे होत आली होती. आधीच्या वर्षी, एप्रिल १७७४ मध्ये, नारायणरावांच्या विधवेला पुरंदरावर मुलगा झाला आणि त्याला निपुत्रिक वारलेल्या चुलत्याचे, माधवरावांचे नाव मिळाले. भाऊबंदकी टोकाला गेलेली असताना दोन्ही पक्षांनी मेलेल्या पेशव्यांची नावे पाळण्यात घातली. नाव हा त्या काळी दाव्याचाही भाग होता, हे याहून स्पष्टपणे क्वचितच दिसते.

पूर्वजाचे नाव मुलाला दिल्यावर घरात एक अडचण उभी राहते. सुनेने सासऱ्याचे नाव घ्यायचे नाही, बायकोने नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही, आणि मुलगा तर तेच नाव घेऊन अंगणात खेळतो. त्याला हाक कशी मारायची? मराठी घरांतले नाना, दादा, भाऊ, अप्पा, तात्या, बापू, आबा, बाळ यांचे पीक बऱ्याच अंशी या निर्बंधातून वाढले. बाळाजी बाजीराव इतिहासात नानासाहेब म्हणून ओळखले जातात, रघुनाथराव दादासाहेब आणि पेशवे घराण्यातलेच सदाशिवराव भाऊसाहेब म्हणून. देवासचे तिसरे तुकोजीराव आप्तांसाठी बापूसाहेब होते. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये त्यांचे खासगी चिटणीस होते. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात त्यांनीही महाराजांना याच हाकेने संबोधले आहे. दरबारी नाव पूर्वजांचे आणि घरातले नाव स्वतःचे, अशी ही वाटणी होती.

दत्तकविधानात नावाचे हे वजन सर्वांत उघड होते. तुकोजीराव तिसरे जन्माने केशवराव. १८९९ मध्ये देवासच्या गादीवर येताना त्यांना गादीचे नाव मिळाले. ग्वाल्हेरला मुकुटराव जनकोजीराव झाले आणि त्यांच्यानंतर १८४३ मध्ये भागीरथराव जयाजीराव झाले. बडोद्यात गोपाळराव सयाजीराव झाले आणि कोल्हापुरात यशवंतराव घाटगे शाहू महाराज झाले. देवासच्या विक्रमसिंहरावांची वाट उलट्या दिशेने गेली. १९४७ मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शहाजी छत्रपती झाले. शहाजी या नावाचीही एक कहाणी बखरी सांगतात: मालोजी भोसल्यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला आणि झालेल्या दोन मुलांना त्या पिराचीच नावे दिली, शहाजी आणि शरीफजी. हैबतराव, दौलतराव, साहेबराव, फत्तेसिंह ही नावेही दख्खनेतल्या फारसी वळणाच्या दरबारी भाषेतून मराठा घरांत आली. खंडेराव, मल्हारराव आणि मार्तंड ही नावे जेजुरीच्या खंडोबाची. दोन्ही धारा एकाच घरात सुखाने नांदल्या.

दत्तकाला मेलेल्या मुलाचेच नाव देण्याचीही उदाहरणे माळव्यात आणि माळव्याबाहेर सापडतात. धारच्या मैनाबाईंचा तान्हा रामचंद्रराव वारला, तेव्हा त्यांनी बहिणीचा मुलगा दत्तक घेतला आणि तोही रामचंद्ररावच झाला. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंनी १८५३ मध्ये दत्तक घेतलेल्या आनंदरावाला त्यांच्या वारलेल्या बाळाचे दामोदर हे नाव मिळाले. संस्थान खालसा झाले, राणी रणात पडल्या आणि दामोदरराव पुढे इंदूरला राहून १९०६ मध्ये वारले. दुसऱ्या मुलाचे नाव जन्मभर वागवणाऱ्या या मुलांचे मन कसे असेल, हे कोणत्याही दप्तरात लिहिलेले नाही.

मुलींची नावे वंशावळीत फारशी येत नाहीत आणि आली तरी ती बहुधा सासरची असतात. लग्नात तांदळाच्या ताटात वराने नवे नाव लिहायचे आणि पाळण्यातले नाव माहेरी ठेवून यायचे. झाशीच्या लक्ष्मीबाई जन्माने मणिकर्णिका आणि डॉक्टर आनंदीबाई जोशी जन्माने यमुना. सयाजीराव गायकवाडांच्या पहिल्या पत्नी लक्ष्मीबाई बडोद्यात चिमणाबाई झाल्या. त्या वारल्यावर आलेल्या दुसऱ्या पत्नीलाही चिमणाबाई हेच नाव मिळाले. मुलग्यांना पूर्वजांचे नाव वारसा म्हणून मिळत होते. बाईचे नाव मात्र जागेला चिकटलेले होते आणि जागेवर येणारी बाई बदलली तरी ते बदलत नव्हते. ही रीत प्रेमाने पाळली गेली असेलही, पण तिच्यात स्त्रीकडून काढून घेण्याचा भाग मोठा होता.

राजवाड्याबाहेर नावाचे तर्क वेगळे होते. देवास जिल्ह्यातील पीपलरावांसारख्या मालवी बोलणाऱ्या गावांत पुरुषांच्या नावापुढे लाल, राम किंवा सिंह, तर बायकांच्या नावापुढे बाई आणि राजपुतांत कुंवर लागते. धारच्या भिल्ल पाड्यांत जन्मवारावरून नाव ठेवण्याची रीत आहे: मंगळवारचा मंगल्या, बुधवारचा बुधिया आणि शनिवारला थावर म्हणतात म्हणून थावरिया. महाराष्ट्रातल्या आदिवासी भागांतही बुधा आणि शुक्र्या भेटतात. मुले जगत नसत त्या घरी दगडू, धोंडू, केरू, कचरू, भिकू अशी नावे ठेवली जात, म्हणजे मृत्यूची नजर त्यांच्यावरून निघून जाईल. हा आईबापांच्या भीतीचा उपाय होता. मुलगी नको असताना झाली म्हणून तिला नकुशी म्हणणे मात्र वेगळे. सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये अशा दोनशेहून अधिक मुलींना सरकारी कार्यक्रमात नवी नावे देण्यात आली.

शूद्राचे नाव निंद्य असावे या मनुस्मृतीच्या शास्त्राला सर्वांत ठाम उत्तर ज्यांनी दिले, त्यांचा जन्मही माळव्यातलाच. १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत सुभेदार रामजी आणि भीमाबाई यांच्या पोटी झालेल्या मुलाला घरी भिवा म्हणत. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या महाविद्यालयाला सिद्धार्थ आणि औरंगाबादच्या महाविद्यालयाला मिलिंद हे नाव दिले. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर सिद्धार्थ, राहुल, गौतम, मिलिंद, आनंद, सुजाता ही नावे वस्तीवस्तीत ठेवली जाऊ लागली. पूर्वजांची नावे बाजूला ठेवून एका समाजाने एकदम नवे पूर्वज निवडल्याचे हे उदाहरण आहे. मराठी नामकरणाच्या इतिहासात एवढा मोठा बदल दुसरा नाही.

इतर मराठी घरांत बदल हळूहळू झाला. शाळा, मासिके, कादंबऱ्या आणि चित्रपट यांतून नवी संस्कृत नावे आली आणि आजोबांचे नाव फक्त पत्रिकेत किंवा मुलाच्या मधल्या नावात उरले. १९४८ च्या सुमारास देवासला येऊन राहिलेल्या गायकाचे बेळगावकडचे जन्मनाव शिवपुत्र कोमकली. ‘कुमार गंधर्व’ ही त्यांना लहानपणी मिळालेली पदवी, पण तीच त्यांचे नाव झाली. त्यांच्या मुलाचे नाव मुकुल आणि मुलीचे कलापिनी. ही नावे साहित्यातून आणि सौंदर्यदृष्टीतून निवडलेली आहेत. मुकुल शिवपुत्र आडनावाच्या जागी वडिलांचे नाव लावतात आणि कलापिनी कोमकली घराण्याचे आडनाव लावतात. तुकोजीराव आणि कृष्णाजीराव आलटून पालटून ठेवणाऱ्या राजवाड्याच्या गावातच हे घडले.

नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव हा तिपेडी क्रम माळव्यातल्या मराठी कुटुंबांनी हिंदी भाषकांत राहूनही बराच टिकवला आहे. जन्मनोंदणीच्या १९६९ च्या कायद्यानुसार बाळाची नोंद नावाशिवायही होते आणि नाव मागाहून भरता येते, त्यामुळे बारशाला अजून सवड मिळते. महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाचे नाव, मग आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम सक्तीचा झाला आहे.