फसलेल्या भागाची नोंद : रहस्यकथामालिका आणि पेठेतला वाचक

बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांच्या नावावर हजाराहून अधिक रहस्यकथा आहेत. मराठी वाङ्मयेतिहासात ही संख्या कुतूहलाची बाब म्हणून पुन्हापुन्हा येते आणि संख्येपाशीच चर्चा थांबते. त्या हजारांतील कोणत्या कथा फसल्या, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु ज्या वाङ्मयप्रकाराला समीक्षेने सरसकट हीन ठरवले, त्या प्रकारात बरेवाईट असा भेदच तिला करता येत नाही. सगळेच टाकाऊ म्हटल्यावर एखादा भाग अधिक टाकाऊ कसा ठरणार? हा भेद वाचक करीत होता, आणि तो नेमकेपणाने करीत होता.

हा वाचक कोण होता, हे पाहण्यासाठी कसबा पेठेसारखी वस्ती उपयोगी पडते. पुण्याची ही सर्वांत जुनी पेठ. ग्रामदैवत कसबा गणपती इथला, तांबट आळी इथली, कुंभारवाडाही इथलाच. एकाच पेठेत कारागीर, कारकून, शिक्षक आणि भिक्षुक नांदत आले. पुस्तकांची बाजारपेठ असलेला अप्पा बळवंत चौक इथून पायी काही मिनिटांवर. अशा वस्तीत रहस्यकथा विकत घेण्याची वस्तू नव्हती. ती भाड्याने आणायची, रात्रीत संपवायची आणि सकाळी परत करायची. या व्यवहारात परीक्षणाला स्थान नव्हते. निराश झालेला वाचक संपादकाला पत्र लिहीत नसे. पुस्तक परत करताना तो दोन शब्द बोले आणि ग्रंथपाल ते पुढच्या गिऱ्हाइकाला सांगे. मराठीतील लोकप्रिय कथेची खरी समीक्षा अशी तोंडी झाली आणि हवेत विरली.

कागदही फारसा टिकला नाही. हलक्या कागदावरच्या, कच्च्या बांधणीच्या या पुस्तिका जतन कराव्यात असे संस्थांना वाटले नाही आणि घरांतून त्या रद्दीत गेल्या. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा मुठेकाठच्या पेठांतील घरोघरचा संसार पाण्यात गेला. त्यात पोथ्या आणि दप्तरे गेल्याची हळहळ नंतर व्यक्त झाली. रहस्यकथा गेल्याची हळहळ कोण करणार?

पुरावा असा विरळ असताना निराशेचा इतिहास मांडायचा तर निराशेचे स्वरूप आधी स्पष्ट व्हायला हवे. हान्स रॉबर्ट याउस याने १९६७ साली ‘अपेक्षांचे क्षितिज’ ही संकल्पना मांडली, तेव्हा क्षितिज ओलांडणारी कृती श्रेष्ठ आणि क्षितिजाला चिकटून राहणारी कृती केवळ करमणुकीची, असा त्याचा कल होता. मालिकेतल्या कथेला हे माप लागू पडत नाही. मालिकेचा वाचक नावीन्य मागतो ते गुन्ह्यात. माणसे, त्यांची बोलण्याची लकब, घर आणि सोबत यांत त्याला बदल नको असतो. घरगुती वळणाच्या रहस्यकथेत तर गुन्हा हे निमित्त असते आणि वाचक ओळखीच्या मंडळींच्या भेटीला आलेला असतो. अर्नाळकरांच्या ‘धनंजय-छोटू’ या जोडनावातच हे सूचित आहे. धनंजय एकटा पुरेसा नाही, छोटू लागतोच.

म्हणूनच मालिकेतला भाग फसतो तो बहुधा रहस्य कच्चे असल्यामुळे नव्हे, सोबत सुटल्यामुळे. कॉनन डॉइलची १९२१ सालची ‘द मॅझरिन स्टोन’ ही होम्सकथा याचे ठळक उदाहरण आहे. रंगमंचासाठी लिहिलेल्या नाटुकल्यावरून ती बेतली गेली आणि निवेदन वॉटसनकडून काढून तृतीयपुरुषी केले गेले. मेणाचा पुतळा, ग्रामोफोनवरचे व्हायोलिन, हिऱ्याचा चोर अशी सामग्री भरपूर आहे. पण होम्सकडे चकित होऊन पाहणारी नजर नाहीशी झाली आणि होम्स नाटकी वाटू लागला. शरदिंदु बंद्योपाध्याय यांनीही ब्योमकेश बक्षीच्या अखेरच्या काही कथांत अजितकडून निवेदन काढून घेतले. तिथे हानी कमी झाली, कारण तोवर ब्योमकेशचा संसारच त्या कथांचा आधार बनला होता.

निराशेचे दुसरे कारण लेखकाच्या वयात आणि लेखनाच्या वेगात असते. अगाथा ख्रिस्तीने शेवटी लिहिलेली कादंबरी ‘पोस्टर्न ऑफ फेट’ (१९७३). टॉमी आणि टपेन्स ही जोडी तिथे म्हातारी झाली आहे, संभाषणे भरकटतात, धागे सुटून जातात. २००९ मध्ये टोरोंटोच्या संशोधकांनी ख्रिस्तीच्या कादंबऱ्यांतील शब्दसंपत्ती मोजली आणि उत्तरकाळात ती घटल्याचे दाखवले. वाचकाला जे जाणवले होते त्याला आकड्यांचा आधार मिळाला. अर्नाळकर, गुरुनाथ नाईक किंवा सुहास शिरवळकर यांच्याबाबत अशी मोजणी करायची तर आधी सगळ्या संहिता हाती हव्यात, प्रकाशनक्रम निश्चित हवा. घोडे इथेच अडते. शिवाय मराठीत वेगाचे कारण वार्धक्य नव्हते. महिन्याला अमुक पुस्तके हवीत ही बाजाराची मागणी होती, आणि इंग्रजी कथेचे कलम घाईने केले की ते रुजत नसे. पात्रांची नावे मराठी होत, वागणे परकेच राही.

पुण्याची स्वतःची घरगुती रहस्यमालिका म्हणावी ती भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेची. फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्यात शिकायला येतो, सायकल हाणतो, ‘ट्टॉक्’ करतो. सायकल हे इथे शहर आवाक्यात ठेवणारे साधन आहे. गल्ली, वाडा, शाळा या टापूत फेणेची चौकस बुद्धी पटते. ‘विमानचोर विरुद्ध फास्टर फेणे’सारख्या शीर्षकांतून मालिकेची व्याप्ती किती वाढली ते दिसते. व्याप्ती वाढली की साहस वाढते, पण सायकलच्या टप्प्यातले गाव मागे पडते. बालवाचकाने याची तक्रार केल्याचे फारसे आढळत नाही. मात्र फेणेची आठवण सांगणारा प्रौढ वाचक प्रथम सायकल आणि फुरसुंगी सांगतो, ही निवड बोलकी आहे.

एक साधन अजून शिल्लक आहे. भाड्याच्या वाचनालयाच्या जुन्या प्रती जिथे उरल्या आहेत, तिथे कधीकधी पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेली तारखांची चिठ्ठीही असते. एकाच मालिकेतल्या लागोपाठच्या पुस्तकांवरील तारखा शेजारी ठेवल्या, तर कुठे गर्दी ओसरली ते कळू शकेल. एखादी प्रत उशिरा वाचनालयात आली असेल, एखाद्या चिठ्ठीवर नवी चिठ्ठी डकवली असेल, तेव्हा ही मोजणी जपूनच करावी लागेल. पुस्तके निर्लेखित करताना मुखपृष्ठाबरोबर ही चिठ्ठीही फाडून टाकली जाते.