जाळे विणणारे विद्यार्थी



नववीच्या वर्गात मी औद्योगिक क्रांतीचा पाठ शिकवीत होतो. कापड गिरणीचा मालक कोण, आगगाडीचा मालक कोण, अशी चर्चा चालली असता मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "सर, मग इंटरनेटचा मालक कोण?" वर्ग हसला. मला मात्र हसता आले नाही, कारण उत्तर मला ठाऊक नव्हते. मी इतिहासाचा पदवीधर. संगणकशास्त्र हा माझा विषय नव्हे. "पुढच्या आठवड्यात सांगतो," असे म्हणून मी वेळ मारून नेली.

त्याच सुमारास पालकसभेत एका गृहस्थांनी कळवळून सांगितले की, मोबाइलपायी मुले आधीच हातची जाऊ लागली आहेत. त्यात शाळेने वेब तंत्रज्ञान आणि नेटवर्किंगचे वर्ग कशासाठी काढावेत? त्यांची तळमळ खोटी नव्हती. मीही एका मुलाचा बाप आहे.

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी मी पुष्कळ वाचन केले आणि संगणक कक्षात मुलांच्या शेजारी बसून पहिले धडे गिरवले. जे हाती लागले ते या स्मरणिकेच्या निमित्ताने आपल्यापुढे ठेवीत आहे.

आधी ताणा, मग बाणा

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. इंटरनेट आणि वेब या दोन वस्तू एक नव्हेत. आपल्या समाजातील अनेक घराणी मालेगाव, भिवंडीच्या मागांवर वाढली. त्यांना हे चटकन समजेल. मागावर आधी उभा ताणा लावावा लागतो, मग त्यातून आडवा बाणा फिरतो, तेव्हा कापड तयार होते. इंटरनेट हा ताणा आहे. म्हणजे संगणकांना एकमेकांशी जोडणाऱ्या तारा, यंत्रे आणि त्यांचे नियम. वेब हा त्यावर फिरलेला बाणा. म्हणजे आपण वाचतो ती पाने आणि एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणारे दुवे. ताणा १९६९ साली लागला, बाणा फिरण्यास १९९० साल उजाडले. मधल्या एकवीस वर्षांचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

वऱ्हाडाची युक्ती

जुन्या काळी ट्रंक कॉल लागला की दोन गावांमधली तार बोलणे संपेपर्यंत अडून राही. तार तुटली की बोलणे संपले. १९६० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस या दोघांनी स्वतंत्रपणे एक वेगळी युक्ती शोधली. संदेश सलग न पाठवता त्याचे लहान लहान तुकडे करावेत आणि प्रत्येक तुकड्यावर मुक्कामाचा पत्ता लिहावा. वाट मोकळी मिळेल तशी त्यांनी जावे. या तुकड्याला डेव्हिस यांनी ‘पॅकेट’ हे नाव दिले.

असे समजा की शंभर माणसांचे वऱ्हाड परगावी निघाले आहे. सर्वांना एका एसटीत जागा नाही. म्हणून प्रत्येकाच्या खिशात लग्नघराचा पत्ता आणि अनुक्रमांकाची चिठ्ठी दिली. कोणी पहिल्या गाडीने गेला, कोणी दुसऱ्या रस्त्याने वळसा घालून आला. लग्नघरी यजमान मोजदाद करतो, क्रमाने बसवतो आणि सदतीस क्रमांकाचा पाहुणा आला नाही तर उलट निरोप पाठवतो. संगणकाच्या जाळ्यात हेच घडते. फरक इतकाच की हरवलेल्या तुकड्याची दुसरी प्रत पाठवता येते.

लॉस एंजेलिसची ती रात्र

अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या ‘आर्पा’ या संशोधन विभागाने या युक्तीवर जाळे उभारण्यासाठी पैसा पुरवला. मूळ पैसा लष्करी खात्याचा होता, हे लपवण्याचे कारण नाही. परंतु प्रत्यक्ष काम मुख्यतः विद्यापीठांत झाले, आणि ते करणाऱ्यांत विद्यार्थी फार मोठ्या संख्येने होते.

२९ ऑक्टोबर १९६९ रोजी रात्री साडेदहाच्या सुमारास लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात चार्ली क्लाइन नावाचा विद्यार्थी संगणकापुढे बसला होता. सुमारे साडेतीनशे मैलांवरील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या संगणकाला त्याला ‘लॉगिन’ हा शब्द पाठवायचा होता. ‘एल’ पोहोचला. ‘ओ’ पोहोचला. ‘जी’ टाइप करताच पलीकडचा संगणक बंद पडला! त्या जाळ्यावरचा पहिला संदेश असा दोनच अक्षरांचा ठरला. दोष दुरुस्त करून तासाभरात पुन्हा प्रयत्न झाला आणि तो यशस्वी झाला. त्या वर्षअखेर जाळ्यात चार ठिकाणे जोडली गेली होती.

परंतु यंत्रे जोडली म्हणजे संभाषण जमले असे नाही. वेगवेगळ्या बनावटीच्या संगणकांना समान भाषा हवी, समान शिष्टाचार हवा. हे नियम लिहिण्याचे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या एका गटाकडे आले. त्यांपैकी स्टीव्ह क्रॉकर याने ७ एप्रिल १९६९ रोजी पहिले टिपण काढले. आपण विद्यार्थी, आपण हुकूम कसे सोडावेत, या संकोचाने त्याने त्याला ‘अभिप्रायासाठी विनंती’ असे नम्र नाव दिले. ज्याला सुधारणा सुचवायची त्याने सुचवावी, कोणालाही वाचता यावे, अशी त्यामागची वृत्ती होती. आज इंटरनेटचे नियम त्याच नावाने, ‘आर. एफ. सी.’ म्हणून, प्रसिद्ध होतात. त्यांची संख्या काही हजारांवर गेली आहे आणि ते वाचण्यास एक पैसाही पडत नाही.

त्याच विद्यापीठात तेव्हा शिकत असलेला व्हिंट सर्फ पुढे प्राध्यापक झाला. त्याने रॉबर्ट कान यांच्यासह १९७४ साली निरनिराळी जाळी एकमेकांना जोडण्याची योजना मांडली. तीतून ‘टीसीपी’ आणि ‘आयपी’ हे दोन नियम सिद्ध झाले. ‘आयपी’ म्हणजे खिशातील पत्त्याची चिठ्ठी. ‘टीसीपी’ म्हणजे मोजदाद करणारा यजमान. १ जानेवारी १९८३ रोजी आर्पाचे सारे जाळे या नियमांवर आले. त्याच वर्षी पॉल मोकापेट्रिस यांनी नावावरून पत्ता शोधून देणारी ‘डीएनएस’ ही व्यवस्था मांडली, कारण लांबलचक आकडे माणसाच्या लक्षात राहत नाहीत. हे पत्ते आरंभी ३२ अंशी होते. म्हणजे सुमारे ४२९ कोटी. तेवढे पुरेनासे झाले, म्हणून आता १२८ अंशी पत्त्यांचाही वापर होतो.

एका विद्यार्थिनीचे काम

आता बाण्याकडे वळू. स्वित्झर्लंडमधील ‘सर्न’ या अणुसंशोधन संस्थेत अनेक देशांचे शास्त्रज्ञ येत असत. ज्याची माहिती त्याच्याच संगणकात अडकून पडे. यावर उपाय म्हणून टिम बर्नर्स-ली या इंग्रज अभियंत्याने मार्च १९८९ मध्ये एक प्रस्ताव लिहिला आणि १९९० च्या अखेरीस वेब प्रत्यक्ष चालू करून दाखवले. त्यात तीन गोष्टी होत्या. पानाची रचना सांगणारी ‘एचटीएमएल’, प्रत्येक पानाचा पत्ता म्हणजे ‘यूआरएल’ आणि पान मागण्याची व देण्याची रीत म्हणजे ‘एचटीटीपी’.

अडचण अशी की त्याने केलेला पान वाचण्याचा कार्यक्रम एकाच, महागड्या जातीच्या संगणकावर चाले. तेव्हा सर्नमध्ये निकोला पेलो ही इंग्लंडमधील गणिताची विद्यार्थिनी प्रशिक्षणासाठी आली होती. जवळपास कोणत्याही साध्या संगणकावर चालेल असा, केवळ अक्षरे दाखवणारा ब्राउझर तिने लिहिला. त्यामुळे वेब एका खोलीतून बाहेर पडले. पुढे १९९३ साली चित्रांसह पान दाखवणारा ‘मोझेक’ ब्राउझर इलिनॉय विद्यापीठात तयार झाला. तो करणाऱ्या दोघांपैकी मार्क अँड्रीसन हा तेव्हा विद्यार्थीच होता.

मुलींना हे शिकवून काय उपयोग, असे विचारणाऱ्या पालकांनी निकोलाचे नाव ध्यानात ठेवावे. आणखी एक नाव रेडिया पर्लमन यांचे. एकाच इमारतीतील जाळ्यात तुकडे गोल गोल फिरत राहू नयेत म्हणून त्यांनी १९८५ साली जी पद्धत शोधली, तिच्यावर पुढे जगभरची कार्यालये व महाविद्यालये विसंबली.

३० एप्रिल १९९३ हा दिवस तर सुवर्णाक्षरांनी नोंदवावा असा आहे. त्या दिवशी सर्नने जाहीर केले की वेबच्या या कार्यक्रमांवरील आपला हक्क आम्ही सोडला आहे. कोणीही ते वापरावेत. प्रत्येक पानामागे शुल्क घ्यायचे ठरले असते, तर आपल्यासारख्यांच्या दारापर्यंत ते कधी आले असते?

आपल्या किनाऱ्यावर

हिंदुस्थानात या जाळ्याचा आरंभ १९८६ साली ‘अर्नेट’ या शैक्षणिक प्रकल्पाने झाला. त्यात पाच आयआयटी, बंगलोरची विज्ञान संस्था, मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि केंद्र सरकारचे इलेक्ट्रॉनिक्स खाते सहभागी होते. म्हणजे आपल्याकडेही पहिला धागा विद्यालयांनीच ओढला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबईसह काही मोठ्या शहरांत सामान्य ग्राहकांसाठी ही सेवा खुली केली. ज्या मुंबईत १८७० साली एडनहून समुद्राखालून तारायंत्राची केबल आली, त्याच मुंबईच्या किनाऱ्यावर आज काचेच्या केसासारख्या तंतूंच्या समुद्री केबली उतरतात आणि परदेशची पाने आपल्या घरापर्यंत आणतात.

इंग्रजी कच्चे असलेल्या मुलांना हे जमेल का, अशी शंका नेहमी घेतली जाते. एकेकाळी ती रास्त होती. मराठी पान एका फॉन्टमध्ये लिहिले तर दुसऱ्या संगणकावर अगम्य खुणा दिसत. अनेक उर्दू वृत्तपत्रांची पाने तर चित्रे म्हणून जाळ्यावर चढवली जात, त्यामुळे त्यांतला शब्द शोधताही येत नसे. १९९१ साली ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ती निघाली आणि तीत देवनागरी व अरबी या दोन्ही लिप्यांना स्थान मिळाले. पुढे संगणकांनी ती व्यवस्था हळूहळू स्वीकारली. आज आपला विद्यार्थी मराठीत वा उर्दूत पान लिहू शकतो. ‘एचटीएमएल’च्या ज्या खुणा नित्य लागतात त्या वीसपंचवीस असतील. पाचवीच्या मुलाने पाठ केलेल्या स्पेलिंगपेक्षा त्या जास्त नाहीत.

अभिमान आणि अभ्यास

आपल्या सभांत बगदादच्या अल-ख्वारिझ्मींचे नाव आदराने घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. नवव्या शतकातील या विद्वानाने भारतीय अंकपद्धतीवर ग्रंथ लिहिला. त्याच्या लॅटिन अनुवादांतून त्यांच्या नावाचा अपभ्रंश होऊन ‘अल्गोरिदम’ हा शब्द बनला. जाळ्यातील प्रत्येक तुकड्याची वाट ठरते ती अशाच पायरीपायरीच्या रीतीने. परंतु एक गोष्ट विसरून चालणार नाही. अल-ख्वारिझ्मींनी दुसऱ्या देशाची विद्या परकी म्हणून दूर लोटली नाही. ती शिकून घेतली आणि तीत भर घातली. नुसत्या अभिमानाने त्यांचा वारसा चालत नाही. कुरआन शरीफच्या सर्वप्रथम अवतरलेल्या आयतींत वाचनाचा आणि लेखणीचा उल्लेख आहे, हे आपण मुलांना सांगतो. तो उल्लेख त्यांच्या हातातील यंत्रालाही लागू आहे, हे सांगण्यास आपण कचरू नये.

म्हणून त्या पालकांना माझे नम्र निवेदन असे. मुलाच्या हाती मोबाइल देऊन आपण त्याला गिऱ्हाईक केले आहे. दुकानाचे दार त्याने पाहिले, कारखाना पाहिला नाही. एखादा मुलगा चार तास चित्रे सरकवीत बसतो आणि दुसरा त्याच चार तासांत स्वतःचे एक पान लिहितो. दोघांच्या हाती यंत्र सारखेच असते. पहिल्याला आवरण्याचा उत्तम मार्ग म्हणजे त्याला दुसऱ्याच्या शेजारी नेऊन बसवणे. मी हे माझ्या घरी करून पाहिले आहे.

विद्यार्थ्यांनी आरंभ असा करावा. वेबचे कोणतेही पान संगणकावर उघडून त्याचा मूळ मजकूर पाहावा. ब्राउझर तो दाखवतो. मग साध्या मजकुराच्या फाइलीत शीर्षक, एक परिच्छेद आणि एक दुवा असलेले स्वतःचे पान लिहावे. त्यासाठी जाळ्याची जोडणीही लागत नाही. नंतर आपल्या संगणकाचा पत्ता शोधावा आणि ‘ट्रेसरूट’ची आज्ञा देऊन एखादा तुकडा किती मुक्काम करीत जातो ते पाहावे. माझ्या पहिल्या पानात एक खूण बंद करावयाची राहिली आणि सारा मजकूर ठळक अक्षरांत उमटला. आठवीच्या मुलाने ती चूक दाखवली. चूक दिसणे, शोधणे आणि सुधारणे हाच या विद्येचा पाठ आहे. चार्ली क्लाइनचाही पहिला प्रयत्न तिसऱ्या अक्षरावर फसला होता.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर. पुढचा आठवडा म्हणालो होतो, प्रत्यक्षात तीन महिने लागले. मी वर्गात सांगितले, "बेटा, तारा कंपन्यांच्या आहेत, मोठमोठी यंत्रेही बहुतांशी कंपन्यांची आहेत. पण ज्या नियमांवर हे सारे चालते ते कोणा एकाचे नाहीत. ते उघड लिहिलेले आहेत, आणि त्यांतले पहिले विद्यार्थ्यांनी लिहिले."

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, ते नियम वाचायला कोठे मिळतील?"

त्या दिवशी मधल्या सुट्टीत आम्ही दोघे-तिघे संगणक कक्षात गेलो आणि १९६९ सालचे ते पहिले टिपण उघडले. इंग्रजी अवघड होते, निम्मे समजले नाही. परंतु ते उघडण्यासाठी आम्हाला कोणाची परवानगी घ्यावी लागली नाही. आता दर शनिवारी त्यातला एक परिच्छेद आम्ही मराठीत समजून घेतो. ज्या पालकांना शंका असेल त्यांनी एखाद्या शनिवारी अवश्य यावे आणि आपल्या मुलाशेजारी बसावे.