पंख्याचा नंबर

आमच्या मालवण किनाऱ्यावर प्रॉपेलरला प्रॉपेलर म्हणणारा माणूस शोधावा लागेल. तो पंखा. मालवणीत पंखो. आणि आउटबोर्ड इंजिन म्हणजे नुसतं 'मशीन'. पंखा तुटला एवढं म्हटलं की घरातल्या बायकांनाही कळायचं, की आता दोन-चार दिवस धंदा बंद.

मशीन येण्याआधी होडी वल्ह्यावर आणि शिडावर चालायची. रापणीची मोठी होडी जाळं सोडत अर्धगोल मारून किनाऱ्याला यायची, ती आठ-दहा जणांच्या दंडावर. वल्ह्याची गंमत अशी की होडी भरली की वल्हेकरी आपोआप जपून, आखूड ओढ घ्यायचा. रिकामी असली की लांब ओढायचा. बिघाड होण्यासारखं त्यात काही नव्हतंच. पंख्याला ही अक्कल नाही. त्याचा जो काही आकार असेल तो किनाऱ्यावरच ठरतो, पाण्यात बदलता येत नाही. गाडीला चार गिअर असतात, होडीला एकच. आणि तो गिअर म्हणजे पंखा.

हा पंखा काढला कोणी? फ्रान्सिस पेटिट स्मिथ नावाच्या इंग्रज शेतकऱ्याने, मेंढ्या पाळणाऱ्या माणसाने, १८३६ साली त्याचं पेटंट घेतलं. त्याच वर्षी काही आठवड्यांच्या अंतराने जॉन एरिक्सन या स्वीडिश इंजिनिअरनेही घेतलं. स्मिथचा पंखा लाकडी आणि मळसूत्रासारखा लांब, दोन पूर्ण वेढ्यांचा होता. १८३७ मध्ये लंडनजवळच्या पॅडिंग्टन कालव्यात तो कशावर तरी आपटला आणि अर्धा तुटून पडला. होडी थांबायला हवी होती, ती उलट जोरात पळायला लागली! तेव्हापासून पुढचे पंखे आखूड झाले. पंखा योग्य आहे की नाही हे कागदावर नाही, पाण्यात कळतं, हे त्या पहिल्याच पंख्याने दाखवलं. पुढे १९०९ मध्ये अमेरिकेत मिलवॉकी गावी मूळच्या नॉर्वेच्या ओले एव्हिनरूडने दीड हॉर्सपॉवरचं, बासष्ट पौंडांचं मशीन विकायला काढलं. होडीच्या पाठीला अडकवायचं, काम झालं की उचलून घरी न्यायचं. त्याच्याआधीही काहींनी तसे प्रयत्न केले होते, पण धंदा चालला तो याचा. आपल्याकडे केरळात १९८० नंतर गावठी होड्यांवर जपानी मशीनं भराभर बसली. आमच्याकडेही हळूहळू आली, बहुतेक कर्ज काढून.

आमचं मशीन दहाला जरा कमी हॉर्सपॉवरचं, दोन-स्ट्रोक. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्याखाली खडपं आहेत. ओहोटीला वाट चुकली की पंखा गेलाच. नारळी पौर्णिमा होऊन धंदा नुकता लागला होता, तेव्हा एका पहाटे तीन पात्यांपैकी एक मुळापासून गेलं. उरलेल्या दोन पात्यांवर मशीन चालवता येतं, पण ते असं थरथरतं की शाफ्टची बेअरिंगं आणि सील सगळंच ढिलं होतं. भाऊ होडी वल्हवत घरी घेऊन आला.

नवा पंखा आणायचा, तर कुठला? पंख्याच्या अंगावर दोन आकडे कोरलेले असतात. पहिला व्यास, दुसरा पिच. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा पाणी कापत किती इंच पुढे जाईल, स्क्रू लाकडात जातो तसा. इंजिन मिनिटाला ५००० फेरे, गिअरपेटीत ते जवळपास निम्मे होऊन २५००, आणि पिच ९ इंच धरला तर हिशेब ताशी ३४ किलोमीटरवर जातो. प्रत्यक्षात पाणी लाकूड नव्हे. पंखा घसरतो, आणि जाळ्याने, मासळीने भरलेली लाकडी होडी त्याच्या निम्माही वेग धरत नाही.

दुकानदाराने ११ पिचचा दाखवला. "होडी पळेल," म्हणाला. भावालाही तोच हवा होता. आमचे तात्या, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, तिथेच उभे होते. ते म्हणाले, "रिकामी होडी पळवन कोणाक दाखवतलंस? बांगडो भरून येतलो, तेवा बघ."

तात्यांना पिचचा अर्थ ठाऊक नव्हता, पण भार ठाऊक होता. गावातल्या मेस्त्रीने दोन्ही पंखे एकेका खेपेपुरते लावून बघायचं कबूल करवून घेतलं. मशीनच्या पुस्तकात पूर्ण थ्रॉटलला ४५०० ते ५५०० फेरे हवेत असं लिहिलं होतं. मेस्त्रीकडे फेरे मोजायचं लहानसं यंत्र होतं. रिकाम्या होडीत ११ चा पंखा खरंच झकास पळाला. मग सगळं जाळं, चार माणसं आणि वाळूच्या सहा गोणी भरल्या. आता मशीन ४२०० च्या वर जाईना, आवाज कोंडल्यासारखा, धूर काळा. असं रोज चालवलं की पिस्टन तापून धरतो, आणि कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहतात. ९ चा लावला तर त्याच भाराला ४६०० ओलांडले. साधारणपणे पिचचा एक इंच कमी केला की दीडशे-दोनशे फेरे वाढतात, त्या हिशेबातच ते होतं.

मग धातूचा प्रश्न. स्टीलचा टिकाऊ आणि वेगाला चांगला, पण आमच्या खडपांत तो नको. अ‍ॅल्युमिनियमचं पातं वाकतं किंवा तुटतं आणि धक्का बराचसा आपल्यावरच घेतं. स्टीलचं तुटत नाही, धक्का गिअरपेटीत पाठवतं. पंखा स्वस्त, गिअरपेटी महाग. पंख्याच्या पोटात रबराची बुश असते तीही त्याचसाठी. शिवाय आतले दात आपल्या शाफ्टच्या दातांशी जुळतात का ते मोजून घ्यायचं. बाहेरून सगळे पंखे सारखेच दिसतात.

९ पिचचा, तीन पात्यांचा, अ‍ॅल्युमिनियमचा घेतला. भाऊ दोन दिवस गाल फुगवून होता. नंतर दाट बांगडा लागला त्या रात्री होडीचा काठ पाण्याला टेकायला आला होता, वारा समोरून, आणि मशीन एका सुरात किनाऱ्यापर्यंत आलं. त्यावर तो काही बोलला नाही. पुढच्या बाजाराला मात्र स्वतःच जाऊन त्याच नंबरचा दुसरा पंखा घेऊन आला. तो, एक नट, दोन पिना आणि पक्कड अशी पिशवी तेव्हापासून होडीच्या पुढच्या फळीखाली बांधलेली असते.